भिंतीवरच्या क्यूआर कोडबद्दल

मुठेकाठच्या भिंतीवर चित्र काढून शेजारी क्यूआर लावणार म्हणतोस, छानच. पण आधी त्या गल्लीत चार संध्याकाळी नुसता जाऊन बस. भिंत कुणाची, कचरा कोण टाकतं, हे चहाच्या टपरीवर कळतं, ॲपवर नाही. कोड पांढऱ्यावर काळाच ठेव, भोवती मोकळी जागा सोड. २ मीटरवरून स्कॅन व्हायचा तर साधारण २० सेंटिमीटरचा हवा. माझा पहिला कोड आम्ही हौसेनं पिवळ्यात रंगवला. एकाही फोननं वाचला नाही! लिंक पुढे बदलता येईल अशीच घे. व्हिडिओपेक्षा मिनिटभराचा मराठी ऑडिओ बरा, डेटाही कमी जातो. आणि झाडावर पाटी लावायची तर खिळा नको. सुतळीनं सैल बांध, खोड वाढतं.