एफआयपी: पोटात पाणी झालेल्या बोक्याचं निदान आणि औषधाचा हिशोब

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: बोका ८ महिन्यांचा, वजन २.१ किलो, दहा दिवस १०४ ताप, अँटिबायोटिकने उतरत नाही, कणा हाताला लागतो पण पोट नगाऱ्यासारखं. रक्तात कोरोना विषाणूची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणून एफआयपी (फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूपासून होणारा गंभीर आजार) सांगितलं, आणि 'याला औषध नाही' असंही. घरात आणखी दोन मांजरं आहेत.

औषध आहे. जीएस-४४१५२४ या विषाणूविरोधी औषधावर कॅलिफोर्नियातला अभ्यास २०१९ साली आला. त्यात ३१ मांजरांपैकी २६ जणांनी १२ आठवड्यांचा कोर्स पुरा केला. त्याआधी हा आजार म्हणजे मरणच समजलं जायचं, आणि 'औषध नाही' हे वाक्य त्या काळातलं आहे.

पण आधी निदान पक्कं करा. अँटिबॉडी टेस्टवर काहीच ठरत नाही. चार-पाच मांजरं एकत्र राहतात तिथे बहुतेकांची ती पॉझिटिव्ह येते, कारण आतड्यातला साधा कोरोना सगळीकडे असतो. त्यातल्या थोड्याच मांजरांच्या शरीरात तो विषाणू बदलतो आणि एफआयपी होतो. ऊन लागून ताप आल्याचा संशयही बाजूला ठेवा. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कूलर बंद पडला तर मांजराचं अंग तापतंच, पण गार खोलीत तास-दोन तासांत उतरतं. दहा दिवस टिकलेला ताप उन्हाचा नसतो.

तुमच्याकडे पोटातलं पाणी आहे, म्हणजे अर्धं काम सोपं झालं. डॉक्टरांना सुईने ५ मिली काढायला सांगा. एफआयपीचं पाणी पिवळसर आणि चिकट असतं, दोन बोटांत धरलं तर तार येते. त्यात प्रोटीन ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आणि पेशी कमी. रिवाल्टा टेस्ट कुठल्याही दवाखान्यात होते: परीक्षानळीत ८ मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात तीव्र अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा १ थेंब, हलवून घ्या, मग वरून पोटातल्या पाण्याचा १ थेंब अलगद सोडा. थेंब विरघळून गेला तर एफआयपीची शक्यता बरीच कमी. आकार धरून तरंगला किंवा दोरीसारखा खाली उतरला तर शक्यता मोठी, पण पोटात पू झाला असेल किंवा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) असेल तरी असं होतं. म्हणून पाण्याची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघून घ्याच. रक्तात अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या दोन प्रोटीनचं गुणोत्तर बघा: ०.४ च्या खाली असेल तर संशय बळावतो, ०.८ च्या वर असेल तर दुसरं कारण शोधा. नमुना कुठे तपासतात ते आधी फोनवर विचारा. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यातही चौकशी करा.

पोट पूर्ण रिकामं करू नका. पाणी दोन दिवसांत पुन्हा भरतं आणि तेवढं प्रोटीन फुकट जातं. छातीत पाणी होऊन श्वास लागत असेल तर मात्र ते काढावंच लागतं.

आता डोस. पोटातल्या पाण्याच्या प्रकारात जीएस-४४१५२४ तोंडाने साधारण १५ मिग्रॅ प्रति किलो, रोज. तुमच्या बोक्याला २.१ गुणिले १५, म्हणजे ३१.५ मिग्रॅ. डोळ्यात ढगाळपणा, चालताना झोकांडी किंवा झटके असतील तर डोस वाढतो, मेंदूच्या प्रकारात २० पर्यंत. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

कोर्स इथेच बिघडतो. मांजर बरं व्हायला लागलं की झपाट्याने वाढतं. सहा आठवड्यांत ३ किलो झालं आणि तुम्ही ३१.५ च देत राहिलात, तर डोस किलोमागे १०.५ मिग्रॅवर आला. मांजर खेळतंय, खातंय, सगळे खूश, आणि आजार उलटतो. म्हणून दर आठवड्याला वजन करून डोस वाढवा. स्वयंपाकघरातला ५ किलोचा डिजिटल काटा घ्या, वर प्लास्टिकचं घमेलं ठेवून शून्य करा, मग बोका बसवा. माणसांच्या काट्यावर दीडशे ग्रॅम इकडे-तिकडे होतात, आणि २ किलोच्या जिवाला तो मोठा फरक आहे. पहिल्या दोन आठवड्यांत पाणी जिरून वजन घटू शकतं. तेव्हा डोस कमी करायचा नाही.

गोळी रिकाम्या पोटी, रोज एकाच वेळी. लगेच उलटी झाली तर पुन्हा द्या. मांजरप्रेमींच्या ऑनलाइन ग्रुपवरून मिळणाऱ्या बेनामी गोळ्यांवरचा आकडा आणि आतला आकडा जुळेलच असं नाही. ती घ्यायची असेल तर डॉक्टरांच्या नजरेखालीच. रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी औषधाचं इंजेक्शन चालतं, पण झोंबतं, म्हणून आधी गॅबापेंटिन (दुखणं कमी करणारं औषध) देतात. मोल्नुपिराविर हे दुसरं विषाणूविरोधी औषध हाही पर्याय आहे, पण माणसांची कॅप्सूल २०० मिग्रॅची असते आणि या बोक्याला एका वेळी साधारण २५ मिग्रॅ लागतील. ती अंदाजाने वाटून देणं म्हणजे जुगार. डोस जास्त झाला तर पांढऱ्या पेशी घटतात, मिशा तुटतात. घरात गर्भवती असेल तर तिने ती पूड हाताळूच नये.

औषध लागू पडलं तर ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पोट एक-दोन आठवड्यांत. नाहीच उतरला तर निदान किंवा डोस यांपैकी एक चुकलंय. नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा. पाण्याच्या प्रकारात ४२ दिवसही पुरल्याचं २०२४ च्या एका अभ्यासात दिसलं, पण रक्त तपासल्याशिवाय थांबू नका. कोर्स संपल्यावर पुढचे १२ आठवडे वजन आणि ताप बघत राहा. नसबंदी आणि लसी तोवर पुढे ढकला.

बाकी दोघांना वेगळं ठेवायची घाई नको. त्यांच्यात साधा विषाणू बहुधा आधीच आहे, आणि बदललेला सहसा पसरत नाही. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये पसरला तो वेगळा, कुत्र्याच्या विषाणूशी जुळून बनलेला प्रकार होता. मांजरांच्या संख्येपेक्षा एक शी-सूचा ट्रे जास्त ठेवा, रोज दोनदा साफ करा, आणि आधी धुवून मगच पातळ ब्लीच लावा. लघवीवर थेट ब्लीच ओतलं तर विषारी वायू सुटतो. मुलांना यातून काही होत नाही, हा कोविडचा विषाणू नव्हे.