लाल शाईच्या दोन दुरुस्त्या

पत्र : मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठ महिने तिच्याकडून रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करून घेतोय. रात्री जेवताना इंग्रजीतच बोलायचं, असा घरात नियम आहे. तरी इंटर्नशिपसाठी चार ओळींचा मेल तिला धड लिहिता येत नाही. तिचा कच्चा मेल माझ्या दुरुस्त्यांसह जोडला आहे. हल्ली ती जेवताना बोलतच नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासला घालू का? – एक वडील

नमस्कार,

जेवताना मुलगी बोलत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझी नजर तिथेच अडली. घास तोंडात असताना दर वाक्याला कुणी अडवत असेल, तर चूक टाळायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गप्प बसणं. तिने तो शोधलाय. तो नियम आज रात्रीच मोडा आणि मराठीत गप्पा मारा. इंग्रजीचं काही बिघडणार नाही.

आता मेल. त्यात तुम्ही लाल शाईने दोन दुरुस्त्या केल्यात आणि दोन्ही ठिकाणी मुलीचं बरोबर होतं.

तिने लिहिलं होतं, 'आय विल कीप इन टच.' तुम्ही ते खोडून 'आय शॅल मेन्टेन कॉरस्पॉन्डन्स विथ युअर गुडसेल्फ' केलंत. असं आज कुणी लिहीत नाही. 'कीप', 'टच' हे प्राथमिक शाळेतले शब्द, म्हणून ते हलके, हा समज काढून टाका. संपर्काची इंग्रजी भाषा अशाच लहान शब्दांच्या जोडण्यांवर चालते. संपर्क साधायचा तर 'गेट इन टच', ठेवायचा तर 'कीप इन टच', तुटला तर 'लूज टच'. तिन्हींपुढे माणूस आला की 'विथ' लागतो, आणि 'लूज'मध्ये 'इन' नसतो. 'नंतर कळवतो' म्हणजे 'आय विल गेट बॅक टू यू'. फोनवर आवाज तुटत असेल तर 'यू आर ब्रेकिंग अप'. यातला एकही शब्द तुमच्या यादीत नसणार, कारण सुटा घेतला तर तो तिला आधीच येतो. अडतं ते जोडणीत.

दुसरी दुरुस्ती : 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' यातलं 'हिअरिंग' तुम्ही 'हिअर' केलंत. 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप, हा शाळेतला नियम इथे लागू नाही. ओळखायची खूण सोपी आहे : त्या जागी नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' चालतं, म्हणून तिथे क्रियापद आलं तर ते 'इंग' लावून येणार. 'वॉन्ट टू युअर रिप्लाय' चालत नाही, म्हणून 'वॉन्ट टू हिअर'.

खरी चूक मात्र तुमच्या नजरेतून सुटली : 'प्लीज रिप्लाय मी'. ही चूक आपल्या 'ला'मुळे होते. त्याला फोन कर, त्याला सांग, त्याला उत्तर दे, त्याला समजाव. मराठीत सगळीकडे एकच 'ला'. इंग्रजीत दोन गट पडतात. 'कॉल', 'टेल', 'आन्सर', 'कॉन्टॅक्ट' यांच्यापुढे माणूस थेट येतो. 'रिप्लाय', 'स्पीक', 'से', 'एक्स्प्लेन' यांना मध्ये 'टू' हवा : 'रिप्लाय टू मी', 'एक्स्प्लेन इट टू मी'. तसंच आपल्या 'बद्दल'मुळे 'डिस्कस अबाउट' होतं. 'डिस्कस' या क्रियापदापुढे 'अबाउट' नको. 'डिस्कशन' हे नाम असेल तर चालतो. आणि 'प्लीज रिव्हर्ट' टाळाच. आपल्याकडच्या ऑफिसांत ते 'उत्तर द्या' म्हणून चालतं, पण बाहेर त्या शब्दाचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं असा घेतात.

क्लासचं विचारलंत. आयईएलटीएसचा निकाल सहसा दोन वर्षंच ग्राह्य धरतात; परदेशी अर्ज ठरला नसेल तर आत्ता नको. आणि त्यातही लेखन आणि संभाषण तपासताना शब्दसंपत्ती हा चारपैकी एकच निकष असतो, तिथे अवघड पण चुकीच्या जागी बसलेला शब्द गुण वाढवत नाही.

यादी बंद करा. आठवड्याला पाच जोडण्या पुरेत. वहीत अर्थ लिहायचा नाही, तिला खरंच कुणाला तरी पाठवता येईल असं पूर्ण वाक्य लिहायचं. 'लूज टच' शिकली की शाळेतल्या एखाद्या मैत्रिणीला तिने त्याच आठवड्यात लिहावं. तो मेसेज तुम्ही वाचायचा नाही. अगदी शुद्धलेखनासाठीसुद्धा नाही.

मेलची पहिली ओळ ती कोण आहे ते सांगेल, दुसरी काय हवंय, तिसरी ती कधीपासून मोकळी आहे आणि चौथी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू'. विषयाच्या जागी नुसतं 'इंटर्नशिप' नको. कोणत्या कामासाठी आणि कोणत्या महिन्यांत, तेही हवं. मेल तिलाच पाठवू द्या. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर नवा मेल न लिहिता त्याच मेलला रिप्लाय करून वर एक ओळ टाकावी : 'जस्ट फॉलोइंग अप ऑन माय ईमेल बिलो.'