‘लॉर्ड किचनर’मधला लॉर्ड

प्रश्न असा आहे: ‘एका अनुवादात वाक्य आले – जून 1948 मध्ये लॉर्ड किचनर एम्पायर विंडरश जहाजातून टिलबरीला उतरले आणि कॅमेऱ्यासमोर गायले. पण लॉर्ड किचनर तर 1916 सालीच बुडाले. मग हे कोण? आणि नावापुढचे “लॉर्ड” काय समजायचे? पदवी, टोपणनाव, की तखल्लुस?’

वाक्य बरोबर आहे, माणूस वेगळा आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले लॉर्ड किचनर म्हणजे होरेशिओ हर्बर्ट किचनर. 1902 ते 1909 हिंदुस्थानचे सरसेनापती. ज्यांच्याशी झालेल्या भांडणापायी 1905 साली कर्झनने व्हाइसरॉयपद सोडले, तेच. 5 जून 1916 रोजी ऑर्कनी बेटांजवळ ‘हॅम्पशायर’ ही युद्धनौका बुडाली, तिच्यावर ते होते. टिलबरी या लंडनजवळच्या बंदरात उतरला तो ऑल्डविन रॉबर्ट्स, त्रिनिदादचा कॅलिप्सो गायक, वय 26. (कॅलिप्सो म्हणजे तिथल्या कार्निव्हल या उत्सवात गाजणारी गाणी.) पॅथे या वृत्तचित्र कंपनीच्या वार्तापटात वार्ताहर त्याला नाव विचारतो. तो सरळ चेहऱ्याने ‘लॉर्ड किचनर’ सांगतो. कॅलिप्सोचे राजे म्हणतात ते तुम्हीच का? हो. मग गाता का काही? आत्ता? हो, आत्ताच. आणि साथीला एकही वाद्य नसताना तो ‘लंडन इज द प्लेस फॉर मी’ सुरू करतो. ज्या साम्राज्याच्या सेनापतीचे नाव, त्याच साम्राज्याच्या बंदरात ते नाव आपले म्हणून सांगायचे, यातली गंमत त्या वार्ताहराला कळली की नाही, चेहऱ्यावरून काही लागत नाही.

आता नाव आले कुठून ते. रॉबर्ट्सचा जन्म 18 एप्रिल 1922 रोजी अरिमा गावी झाला. वडील लोहार. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पहिली कमाई गिटारची: पाण्याचे नळ टाकणाऱ्या मजुरांसमोर त्यांचे काम चालू असताना वाजवायचे आणि गायचे, त्याचे पैसे मिळत. बोलताना तो अडखळे, गाताना नाही. 1938 ते 1942 या काळात अरिमाच्या नगर परिषदेची कॅलिप्सो स्पर्धा त्याने पाच वेळा जिंकली आणि ‘अरिमा चॅम्पियन’ म्हणून तो ओळखला जाऊ लागला. 1943 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला आला. तिथे ग्राउलिंग टायगर या मुरलेल्या गायकाने त्याला ऐकले आणि ‘लॉर्ड किचनर’ हे नाव दिले. म्हणजे नाव स्वतः घेतलेले नाही, आधीच्या पिढीच्या गायकाने दिलेले आहे. शब्द निवडताना हा तपशील फार कामाचा आहे.

त्रिनिदादमध्ये अशा नावाला फ्रेंचवरून आलेला ‘सोब्रिके’ हा शब्द वापरतात. प्रथा किचनरच्या बरीच आधीची. 1914 साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ज्युलियन व्हाइटरोझचे ध्वनिमुद्रण झाले, तो स्वतःला ‘आयर्न ड्यूक’ म्हणवत असे. ‘ड्यूक ऑफ मार्लबरो’ नावाचाही एक गायक होता. कार्निव्हलच्या मंडळ्या स्वतःचे राजे, ड्यूक, लॉर्ड नेमत. गोऱ्या साहेबाच्या पदव्यांची ती उघड नक्कल होती आणि गावाने मनापासून दिलेला मानही होता. 1930 नंतर नावांत दरारा आला: अटिला द हन, रोअरिंग लायन, ग्राउलिंग टायगर, लॉर्ड इन्व्हेडर. मग ‘माईटी’ची लाट. यातला अटिला, म्हणजे रेमंड केव्हेडो, पुढे निवडून येऊन कायदेमंडळात बसला. नाव भारदस्तच हवे असेही नाही. किचनरबरोबर विंडरशवर दोन लॉर्ड आणखी होते. एक लॉर्ड बिगिनर. दुसरा लॉर्ड वुडबाइन. हा वुडबाइन म्हणजे सिगारेटचा छाप. सिगारेटच्या छापांचीच पात्रे केलेले एक गाणे तो गाई, त्यावरून ते नाव पडले.

मराठी शब्दांकडे येऊ. ‘पदवी’ सरळ चूक, कारण ती कुणीतरी अधिकाराने देते आणि कागदावर असते. ‘तखल्लुस’ही बसत नाही. तखल्लुस गझलेच्या शेवटच्या शेरात येतो, कवितेचा भाग असतो. किचनर आपल्या गाण्यांत स्वतःला ‘किच’ म्हणवून घेतो खरा, पण ते कथेतले पात्र म्हणून. दर गाण्यात नाव गुंफलेच पाहिजे असा दंडक नाही. ‘टोपणनाव’ चालेल, फक्त ते ऐकल्यावर कुसुमाग्रज, केशवसुत आठवतात. तिथे लेखकाने नाव स्वतः निवडलेले असते.

आपल्याकडे हुबेहूब जुळणारी गोष्ट आहे ती गंधर्वांची. नारायणराव राजहंसांना ‘बालगंधर्व’ दुसऱ्यांनी म्हटले, आणि मूळ नाव चरित्रापुरते उरले. मग सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व. पहिला शब्द बदलायचा, दुसरा घराणे सांगणारा ठेवायचा. कॅलिप्सोत फक्त क्रम उलटा: ‘लॉर्ड’ किंवा ‘माईटी’ हे ठरलेले, पुढचा शब्द ज्याचा त्याचा. कुमारांचे नाव वाचून कुणी त्यांना स्वर्गातले समजत नाही, तसेच ‘लॉर्ड’ वाचून उमराव समजू नये. म्हणून माझे मत ‘बिरुद’ या शब्दाला. साध्या बातमीत ‘टोपणनाव’ लिहिले तर आभाळ कोसळणार नाही.

लिहायचे कसे? पहिल्या उल्लेखात पूर्ण बिरुद आणि कंसात खरे नाव: लॉर्ड किचनर (ऑल्डविन रॉबर्ट्स, 1922–2000). पुढे ‘किचनर’ किंवा ‘किच’. नुसते ‘लॉर्ड’ कधीही नको; ‘लॉर्डने गाणे रचले’ म्हटल्यावर कोणता लॉर्ड ते कळायला मार्ग नाही, कारण निम्मा टेंट लॉर्डांचाच. (टेंट म्हणजे कार्निव्हलच्या मोसमात कॅलिप्सो जिथे गातात ती जागा. पूर्वी बांबू आणि झावळ्यांचा मांडव असे, आता सभागृह असते, शब्द तोच राहिला.) ‘लॉर्ड साहेब’, ‘लॉर्ड महाशय’ तर मुळीच नको. सूचीत नाव ‘ल’खाली घ्यावे, ‘किचनर, लॉर्ड’ असे उलटवू नये. उलटवले की ते जनरलच्या नोंदीला जाऊन चिकटते, आणि मग प्रश्नातल्यासारखा घोळ होतो. ‘रॉबर्ट्स, ऑल्डविन’ अशी दुसरी नोंद करून तिथून इकडे पाठवावे. बिरुदाचे भाषांतर करू नये. माईटी स्पॅरो या गायकाला ‘बलाढ्य चिमणी’ केले की विनोद होतो, आणि तोही चुकीच्या जागी.

‘तो’ की ‘ते’? 1948 च्या वाक्यात अनुवादकाने ‘उतरले’ लिहिले ते ‘लॉर्ड’ शब्दाच्या दबावाने. कारकिर्दीच्या सुरुवातीला ‘तो’, आणि उतारवयात, लोक ‘ग्रँडमास्टर’ म्हणू लागल्यावर, ‘ते’ असे केले तरी खपेल. मात्र एकाच परिच्छेदात दोन्ही नकोत.

याच कारकिर्दीत आणखी दोन जागा घसरायच्या आहेत. जून 1950 मध्ये वेस्ट इंडिजने लॉर्ड्सवर इंग्लंडला 326 धावांनी हरवले. इंग्लंडमधला त्यांचा तो पहिला कसोटी विजय. त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या सॉनी रामाधीनने 11 बळी घेतले, जमैकाच्या व्हॅलेंटाइनने 7. सामना संपताच किचनर गिटार घेऊन मैदानात उतरला आणि मागे मिरवणूक लागली. ती पुढे पिकॅडिलीपर्यंत गेली. पण या विजयाचे जे गाजलेले कॅलिप्सो, ते लॉर्ड बिगिनरचे. मिरवणूक किचनरची, गाणे बिगिनरचे, आणि मैदानाच्या नावातला ‘लॉर्ड’ या दोघांशी संबंध नसलेला: थॉमस लॉर्ड या मालकाचे ते आडनाव. त्यामुळे ‘लॉर्ड्सवर लॉर्डांनी’ अशी कोटी करायचा मोह आवरावा.

दुसरी जागा किताबांची. 1962 च्या अखेरीस किचनर इंग्लंडहून परतला. 1963 ते 1976 या काळात ‘रोड मार्च’ त्याने दहा वेळा जिंकला. कार्निव्हलच्या दिवशी रस्त्यावर सर्वांत जास्त वेळा वाजलेल्या गाण्याला हा मान मिळतो. परीक्षक गुण देतात असे नाही. ‘कॅलिप्सो किंग’ हा मंचावरचा, परीक्षकांनी ठरवायचा किताब त्याला एकदाच मिळाला, 1975 साली. ‘दहा वेळा कॅलिप्सोचा राजा’ असे लिहिले तर दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधली जाते. ‘किंग’ हा शब्दही 1978 मध्ये कॅलिप्सो रोझ या गायिकेने स्पर्धा जिंकल्यावर बदलून ‘मोनार्क’ झाला. तेव्हा 1978 च्या आधीच्या विजेत्याला ‘किंग’, नंतरच्याला ‘मोनार्क’. मराठीत सरसकट ‘राजा’ लिहिणाऱ्याची रोझपाशी पंचाईत होते.

त्रिनिदादचा खरोखरचा लॉर्डही एक आहे, आणि तिथे वरचे सगळे नियम उलटे होतात. क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन 1962 मध्ये ‘सर’ झाले आणि 1969 मध्ये ब्रिटिश उमरावसभेत बसले. ती पदवी आहे, म्हणून सूचीत ‘कॉन्स्टंटाइन, लिअरी (लॉर्ड)’ असे ‘क’खालीच. 1969 पूर्वीच्या प्रसंगात त्यांना लॉर्ड म्हणू नये. किचनरला मात्र 1943 नंतरच्या कोणत्याही वर्षी म्हणावे.

राहता राहिले एक बिरुद, जे मराठीत हमखास बिघडते. 1961 चा कॅलिप्सो किंग ‘माईटी डगला’ असा छापलेला दिसला तर वाचकाला अंगरखा आठवेल. मूळ शब्द मळ्यांवर गेलेल्या गिरमिटियांबरोबर पोहोचलेला भोजपुरी ‘दोगला’ आहे. आफ्रिकी आणि भारतीय अशा मिश्र वंशाच्या माणसाला तिकडे तसे म्हणतात, आणि त्याचे विजयी गाणे याच ओढाताणीवर होते. ‘माईटी दोगला’ लिहावे.