राखणीला निघालेल्या पोरीस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. ‘हेलिकॉप्टर मिळालं, काका.’ आणि पुढे टिंब. एरवी साध्या बातमीला तू सात इमोजी लावतेस, त्यामुळे ते टिंब मला बरोबर ऐकू आलं. नौदलात फायटर उडवायचं होतं, यादीत नाव दुसरीकडे लागलं, आणि ज्यांना मिळालं त्यांचं अभिनंदन करताना तुझा आवाज फाटला असणार. फाटू दे. मी मुद्दाम फोन केला नाही, कारण फोनवर तू नुसती ‘हो काका, हो काका’ करत राहिली असतीस. म्हणून हे लांबलचक पत्र. हेलिकॉप्टरच्या ट्रेनिंगला अरक्कोणमला निघशील, त्या गाडीत वाच, वेळ जाईल.

मी पायलट नव्हतो हे तुला ठाऊक आहे. आलिझे विमानात रडारसमोर बसणारा ऑब्झर्व्हर. दाबोळीहून उडायचं, तीन-तीन तास अरबी समुद्रावर घिरट्या घालायच्या आणि स्कोपवरचे ठिपके बघत राहायचं. नारळी पौर्णिमा होऊन होड्या बाहेर पडल्या की आपल्या मालवणसमोरचा पडदा गोवर आल्यासारखा दिसे. प्रत्येक ठिपका होडीचाच असणार हे माहीत असायचं, आणि तरी प्रत्येक ठिपका तपासावाच लागायचा. माझ्या लॉगबुकाच्या बहुतेक पानांवर एकच शेरा आहे: काही आढळलं नाही.

एकदाच आढळलं. मी सव्वीस वर्षांचा. पाण्यातून काहीतरी काठीसारखं वर आलेलं दिसलं आणि पाणबुडीची दुर्बीण समजून मी ‘पेरिस्कोप’ म्हणून ओरडलो. पायलटने विमान खाली घातलं. जाळ्याच्या खुणेला लावलेला बांबू होता, वर काळं फडकं. पुढे महिनाभर मेसमध्ये मला ‘बावटा’ म्हणत.

त्याच महिन्यात, तोंड लपवायला म्हण, मी वाचनालयात जाऊन बसू लागलो आणि दुसऱ्या महायुद्धातल्या एस्कॉर्ट कॅरियरच्या नादाला लागलो. मोठ्या विमानवाहू जहाजांची पोस्टर लागतात. ही धाकटी भावंडं. व्यापारी बोटीच्या सांगाड्यावर सपाट डेक ठोकायचं, त्यावर मूठभर विमानं ठेवायची आणि मालवाहू जहाजांच्या ताफ्याबरोबर राखणीला धाडून द्यायचं. ब्रिटिशांचं पहिलं म्हणजे ‘ऑडॅसिटी’. त्याची गोष्ट तुला सविस्तर सांगतो, कारण तुझ्या कामाची आहे.

मुळात ती जर्मनांची मालवाहू बोट, नाव ‘हॅनोव्हर’. मार्च १९४० मध्ये वेस्ट इंडिजजवळ ब्रिटिशांनी पकडली. सोडून जाताना खलाशांनी तिला आग लावली होती, तरी तशीच ओढत जमैकाला नेली. पुढे इंग्लंडमध्ये वरचं सगळं कापून सपाट केली आणि १९४१ च्या जूनमध्ये नौदलात घेतली. डेकची लांबी साधारण साडेचारशे फूट. हँगर नाहीच. सहा मार्टलेट फायटर विमानं दिवसरात्र उघड्यावर, अटलांटिकच्या खाऱ्या फवाऱ्यात दोरांनी बांधलेली. एखादं विमान उतरणार असलं की बाकीची सगळी माणसांनी ढकलत पुढे न्यायची. उडायचं असलं की पुन्हा ढकलत मागे. उडताना मागची जागा उभ्या विमानांनी व्यापलेली, म्हणजे पहिल्याला धावायला डेक आणखी तोकडं. दुरुस्ती रात्री, उघड्यावर, वाऱ्यात, बॅटरीच्या झाकलेल्या उजेडात, कारण लख्ख दिवा लावला तर पाणबुडीला आमंत्रण. मेकॅनिक लोकांची नावं कुठल्याच गोष्टीत येत नाहीत. तुझ्या विमानाखाली ऑइलने माखून उभा राहणारा जो असेल, त्याचं नाव पहिल्या दिवशी पाठ कर.

या बोटीला काम काय होतं? जिब्राल्टर ते इंग्लंड हा रस्ता बोर्दोच्या जर्मन विमानतळापासून फार लांब नाही. तिथून कॉन्डॉर नावाचं चार इंजिनांचं विमान निघे, ताफा शोधे, आणि ठिकाण कळवे. मग पाणबुड्या गोळा होत. आधी ब्रिटिशांनी यावर तोड काढली होती ती ऐक. मालवाहू बोटीच्या नाकावर गलोलीसारखी यंत्रणा, तिच्यावर एकच हरिकेन फायटर. कॉन्डॉर दिसलं की ते उडवायचं. उतरायला जागाच नाही. काम झालं की पायलटने बोटीजवळ पाण्यात पडायचं आणि कुणी उचलेल अशी आशा धरायची. त्या मानाने ऑडॅसिटीचं डेक म्हणजे चैन!

तिच्यावरचा एरिक ब्राऊन हा पोरगा तेव्हा बावीस वर्षांचा. कॉन्डॉरच्या मागून जावं तर तोफा, खालून जावं तरी तोफा. त्याने समोरून जायचं ठरवलं, नाकावर नाक. दोन विमानांमधलं अंतर काही सेकंदांत संपतं, तेवढ्यात गोळ्या झाडून बाजूला व्हायचं. नोव्हेंबरच्या फेरीत हे जमलं. त्याच दिवशी त्यांचा स्क्वाड्रन कमांडर दुसऱ्या कॉन्डॉरच्या गोळीबारात गेला. हाच ब्राऊन पुढे ४८७ प्रकारची विमानं उडवणारा आणि २,४०७ वेळा डेकवर उतरणारा माणूस झाला. तुला हे आवडेल म्हणून सांगितलं. मला मात्र सांगायचं आहे ते डिसेंबरचं.

१४ डिसेंबर १९४१ ला ३२ मालवाहू जहाजं जिब्राल्टरहून निघाली. ताफा एचजी-७६. राखणीचा प्रमुख कमांडर वॉकर, ‘स्टॉर्क’ या जहाजावर. १७ तारखेला गस्तीवरच्या मार्टलेटला पाण्यावर पाणबुडी दिसली, यू-१३१. जहाजांनी टाकलेल्या डेप्थ चार्जच्या, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बच्या, माऱ्याने तिला बुडी मारता येईना. जॉर्ज फ्लेचर मार्टलेट घेऊन तिच्यावर गेला. मार्टलेट हे फायटर, पोटाला बॉम्ब नाहीत, नुसत्या मशीनगन. पाणबुडीवरचे तोफची उघड्यावर आणि हाही उघड्यावर. तो पडला. नंतर जहाजांनी गाठून ती पाणबुडी संपवली. फ्लेचरचा देह स्टॉर्कने पाण्यातून काढला आणि लष्करी इतमामाने पुन्हा समुद्रालाच दिला.

पुढचे चार दिवस असेच. विमानं उडत राहिली, पाणबुड्यांना दिवसा वर राहू दिलं नाही, आणखी दोन कॉन्डॉर पाडली. २१ तारखेच्या संध्याकाळी ऑडॅसिटी नेहमीप्रमाणे रात्रीसाठी ताफ्यापासून बाजूला झाली. वॉकरला ते पटत नव्हतं. निदान दुसऱ्या बाजूने जा, असं त्याने सुचवलं. पण ऑडॅसिटीचा कॅप्टन मॅकेन्ड्रिक त्याला सिनियर. राखणीची सूत्रं वॉकरकडे, खांद्यावरची सेवाज्येष्ठता दुसऱ्याकडे. वॉकरने आग्रह सोडला. रात्री ताफ्यातल्या एका बोटीवर पाणतीर बसला, घाबरून कुणीतरी उजेडाची रॉकेटं सोडली, आणि त्या उजेडात एकटी ऑडॅसिटी यू-७५१ ला दिसली. एक पाणतीर, थोड्या वेळाने आणखी दोन. ७३ माणसं गेली, मॅकेन्ड्रिकही. वॉकरने नंतर दोष स्वतःकडे घेतला, आपण अडून बसायला हवं होतं म्हणून.

इथे थांब जरा. तू काही वर्षं को-पायलट असशील. डावी-उजवी सीट, खांद्यावरच्या पट्ट्या, वय, सगळं तुझ्या विरुद्ध असेल. तुला काही खटकलं तर एकदा बोल, ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा आणखी स्पष्ट बोल. ‘सर, मला वाटतं कदाचित’ अशी सुरुवात करू नकोस. उंची सांग, वेग सांग, इंधन सांग. आकड्यांना रँक नसतो. आपल्या घरांतून मोठ्यांसमोर आवाज न चढवण्याचं वळण लावतात, ते चांगलंच आहे. पण कॉकपिटचा उंबरा ओलांडताना ते चपलांबरोबर बाहेर ठेव.

आणि लाइफ जाकीट. ब्राऊन त्या रात्री पाण्यात होता. वाचवायला आलेलं जहाज पाणबुडीच्या भीतीने निघून गेलं. चोवीस जणांचा तो घोळका, सकाळपर्यंत त्यातले दोघे उरले. बाकीच्यांना थंडीने नेलं. झोप लागली तरी मान पाण्याबाहेर धरणारं जाकीट अंगात असणं आणि नसणं, यात केवढा फरक पडतो ते विचार कर. कोचीला तुला खुर्चीत बांधून, पिंजरा उलटा करून, अंधारात पाण्यात बुडवतील. नाकात पाणी जाईल, राग येईल. तो सराव हसण्यावारी नेऊ नकोस. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की वरचं वजन त्याला उलटं करतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ताफा घरी पोचला तेव्हा ३२ पैकी ३० मालवाहू जहाजं शाबूत होती आणि जर्मनांच्या पाच पाणबुड्या गेल्या होत्या. सगळे पाणबुड्यांचा आकडा सांगतात. मी तीस सांगतो.

१९४३ पासून ब्रिटिशांनी याहून साधी युक्ती केली. धान्याच्या नि तेलाच्या बोटींवरच डेक चढवलं. माल फारसा कमी करायचा नाही. पोटात कॅनडाचा गहू आणि माथ्यावर चार स्वोर्डफिश. तेलाच्या बोटींवर तीन, तीही उघड्यावर. अशा एकूण १९ बोटी. स्वोर्डफिश म्हणजे कापड ताणलेलं दोन पंखी विमान, तेव्हाही जुनाट वाटणारं. वैमानिक नौदलाचे, पण नियमासाठी बोटीच्या हजेरीपटावर खलाशी म्हणून सह्या करत. त्यांतल्या काही वात्रटांनी विमानावरचं ‘रॉयल नेव्ही’ खोडून ‘मर्चंट नेव्ही’ रंगवलं होतं. या १९ बोटींच्या विमानांनी एकही पाणबुडी बुडवल्याची नोंद नाही. आणि तरी ज्या ताफ्यांबरोबर ही विमानं होती त्यांचं नुकसान अगदीच थोडं झालं.

कारण साधं आहे. त्या काळची पाणबुडी पाण्यावर सोळा-सतरा नॉटने पळे, ताफ्याला मागे टाकून पुढे जाऊन दबा धरे. पाण्याखाली बॅटरीवर जेमतेम सात, तेही थोडाच वेळ. आकाशात विमानाचा ठिपका दिसला की तिला खाली जावंच लागे. ती खाली गेली की ताफा निघून जाई. स्वोर्डफिशने बॉम्ब टाकला नाही तरी चाले, ते वर असणं पुरेसं होतं. आपल्याकडे जोंधळ्यात माळ्यावर गोफण घेऊन बसतात ना, त्याला संध्याकाळी कुणी विचारत नाही की आज किती पाखरं मारलीस.

लढाईची वेळ आली तर ही डबडी लढलीही. अमेरिकेने पन्नासच्या पन्नास एका साच्यातली काढली, ‘कॅसाब्लांका’ जातीची, जुलै १९४३ ते जुलै १९४४ या एका वर्षात. अमेरिकन नौदलात यांना सीव्हीई म्हणत, आणि खलाशांनी त्या अक्षरांचा लावलेला अर्थ असा: पेटणारं, तकलादू, गेलं तरी चालेल असं. २५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्समध्ये समारजवळ अशा सहा बोटींसमोर जपानची महाकाय युद्धनौका ‘यामातो’ आणि तिचा जथा आला. बॉम्ब संपलेले पायलट रिकाम्या विमानांनी पुन्हा पुन्हा हल्ल्याचं सोंग करत त्या जहाजांवर झेपावत राहिले, ती वळावीत म्हणून. जपानी शेवटी परत फिरले. त्यावर बरंच लिहिलं गेलंय, तू वाचशीलच.

आपल्या समुद्रातही या बोटी होत्या बरं का. ब्रिटिशांनी त्यांना नावं काय द्यावीत? ‘अमीर’, ‘बेगम’, ‘नबाब’, ‘राणी’, ‘राजा’, ‘शाह’. एक तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये चक्क ‘ठाणे’ आहे! मी वाचून उडालोच होतो. नंतर कळलं की ते ‘थेन’, स्कॉटलंडच्या सरदारांची पदवी. लोकलशी संबंध नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये सेशेल्सजवळ ‘शाह’च्या विमानाला यू-१९८ पाणबुडी दिसली. दोन दिवस माग काढून १२ तारखेला तिला बुडवलं ते ‘फिंडहॉर्न’ने आणि आपल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘गोदावरी’ने. ज्याने पाहिलं तो एक आणि ज्याने मारलं ते दुसरे. या धंद्यात बहुधा असंच असतं.

तुझं हेलिकॉप्टर हे त्या स्वोर्डफिशचं नातवंड आहे. फायटर येतं, गडगडतं, जातं. तू ताफ्याच्या डोक्यावर थांबशील, सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र, पाण्यात सोडून लटकत राहशील, पाठ दुखेल, आणि परत येऊन लिहिशील: काही आढळलं नाही. ते नीट लिही. कुठून कुठपर्यंत पाहिलं, किती वाजता, दृश्यता किती, सगळं. पुढचा माणूस त्या कोऱ्या जागेवर भरवसा ठेवून आपलं जहाज तिकडे वळवणार असतो.

मे महिन्यात सुट्टी मिळाली तर घरी ये. काकूने फणसाचे गरे वाळवायला घेतलेले असतील, आणि ट्रंकेत माझी लॉगबुकं आहेत. बावट्याचं पान दाखवतो. त्यावर मी त्या दिवशी ‘संशयास्पद वस्तू, ओळख पटली नाही’ असं लिहिलंय. ओळख चांगली पटली होती. त्या फडक्याला लावलेल्या गाठीसुद्धा मला दिसल्या होत्या.

तुझे,
काका