पाट्या कोरणाऱ्या मुलीला यंत्र कधी घेऊन द्यावे?

आदरणीय भगिनी, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. आपली कन्या यंदा बारावी उत्तीर्ण झाली असून, सुट्ट्यांमध्ये डिचोलीतील एका ओळखीच्या मेस्तांकडे (सुतारांकडे) जाऊन ती घरांच्या आणि हॉटेलांच्या कोरीव पाट्या करायला शिकली आहे व आता याच कामात पुढे जाण्याचा तिचा निश्चय आहे, असे आपण लिहिले आहे. यात पोट भरेल का, त्यासाठी कला महाविद्यालयात जाणे गरजेचे आहे का, आणि तिचे मामा सीएनसी राउटर (संगणकाच्या आदेशाने लाकूड कोरणारे यंत्र) घेण्यासाठी पैसे द्यायला तयार आहेत ते स्वीकारावेत का, असे आपले प्रश्न आहेत. सुतारकाम हे मुलीचे काम नव्हे, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, हेही आपण कळवले आहे. या शेवटच्या मुद्द्यावर मी फार शाई खर्च करणार नाही; जड फळ्या उचलायला आणि शिडीवर चढून पाटी बसवायला कोणालाही जोडीदार लागतोच, आणि पटाशी चालवायला लागतो तो सराव.

माझे मत आधीच सांगतो. मुलीला या कामात अवश्य जाऊ द्यावे, यंत्र मात्र सध्या घेऊ नये. बाहेर लावायच्या कोरीव पाटीचा धंदा अक्षर आणि हवामान या दोन गोष्टींवर उभा असतो, आणि या दोन्ही गोष्टी यंत्राबरोबर विकत मिळत नाहीत.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांपैकी ‘शांतादुर्गा कृपा’ ही पाटी मी बराच वेळ पाहिली. सागवानी फळीवर अक्षरे उठावात ठेवून भोवतालची जमीन, म्हणजे अक्षरांमागची पार्श्वभूमी, खाली उतरवली आहे आणि त्या जमिनीवर गोल पटाशीचे आखूड, एकमेकांना छेदणारे घाव देऊन खडबडीत पोत आणला आहे. तिची समज इथे दिसते. गुळगुळीत जमिनीवर तिरपे ऊन पडले की ती चकाकते, अक्षर तिच्यात हरवते आणि हत्याराची लहानशी चूकही उघडी पडते; खडबडीत जमीन मात्र उजेड फोडते, ठिकठिकाणी बारीक सावल्या धरते आणि त्यामुळे मधले सपाट, गुळगुळीत अक्षर दुरूनही सुटे दिसते. पोत हा शोभेसाठी असतो असे पुष्कळांना वाटते. त्याचे खरे काम अक्षर वाचायला मदत करणे हे आहे, आणि ज्या पाटीत पोतच आधी नजरेत भरतो ती पाटी फसली असे समजावे.

तेच छायाचित्र मोठे करून पाहिले, तर ‘शां’वरील अनुस्वाराच्या बुडाशी काहीतरी चिकटवल्याची पुसट रेघ दिसते. तो टिंब कोरताना उडाला असणार आणि तिने तो पुन्हा बसवला असणार. असे का होते, हे तिने नीट समजून घ्यावे. फळीचे रेषे (लाकडाचे तंतू) आडवे असल्यामुळे शिरोरेषा रेष्यांच्या दिशेने जाते आणि भक्कम राहते. काना रेष्यांना आडवा येतो, म्हणून तो अरुंद ठेवला की बाजूने पटाशीचा दाब पडताच चिरतो. आणि अनुस्वार तर एकटाच उभा असतो, त्याला कोणत्याच बाजूने आधार नसतो. म्हणून उठावाच्या कामात कोणत्याही रेघेची रुंदी तिच्या उंचीपेक्षा कमी ठेवू नये, आणि अनुस्वाराच्या कडा सरळ उभ्या न तासता बुडाकडे पसरट होत जाणाऱ्या उताराच्या ठेवाव्यात. ‘र्गा’वरील रफाराचे टोकही असेच नाजूक असते. ज्या नावात मात्रा आणि टिंबे फार आहेत, ते उठावात न करता अक्षरेच इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत आत कोरण्याचा पर्याय गिऱ्हाइकापुढे ठेवावा.

अक्षराच्या मापाबाबतही एक गोष्ट सांगायला हवी. पाटी तीन मीटरवरून सहज वाचता यावी, तर अक्षर सुमारे 25 मिलिमीटर उंच असावे, असा या धंद्यात सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे रस्त्यावरून 15 मीटरवर दिसणाऱ्या पाटीला 125 मिलिमीटरचे अक्षर लागते. हा हिशेब रोमन अक्षरांचा आहे. देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार बरीच जागा खातात, त्यामुळे हे माप एकूण उंचीला न लावता शिरोरेषेखालच्या अक्षराच्या अंगाला लावावे. गोव्यातील अनेक देवनागरी पाट्या दुरून वाचता येत नाहीत, याचे मुख्य कारण रंग नसून हे चुकलेले माप आहे, असे मला वाटते.

आता हवामान. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. किनारपट्टीला खारी हवा असते ती वेगळीच. पोत असलेली पाटी या पावसात सपाट पाटीपेक्षा लवकर खराब होऊ शकते, कारण प्रत्येक खळग्यात पाणी, धूळ आणि मग शेवाळ साचते. म्हणून पटाशीचे घाव आडवे न देता उभे किंवा तिरपे द्यावेत, म्हणजे पाणी वाहून जाते. भोवती उठावाची चौकट ठेवली असेल, तर तिच्या खालच्या बाजूला पाणी निघायला वाट ठेवावी. आणि घावांच्या धारदार कडा रंगापूर्वी ब्रशने वा पॉलिश पेपरने किंचित बोथट कराव्यात, कारण धारेवर रंग पातळ बसतो आणि तिथूनच सोलू लागतो. फळीची दोन्ही टोके, जिथे रेषे कापले जातात, तिथून लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते. ती टोके आणि पाटीची मागची बाजू समोरच्या बाजूइतक्याच काळजीने बंद करावी. सागाचा गाभाच वापरावा, फिकट रंगाचा बाहेरचा भाग वापरू नये, कारण त्याला कीड आणि बुरशी लवकर लागते. लाकूड पावसात रुंदीने फुगते आणि उन्हात आकसते, म्हणून स्क्रूची भोके थोडी लांबट ठेवावीत, आणि समुद्राजवळच्या पाटीला साध्या लोखंडाऐवजी 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता, कितीही रंगवले तरी बाहेर टिकत नाही; पाणी एकदा आत शिरले की ते फुगते.

पारदर्शक पॉलिशचा मोह तर सगळ्यांनाच होतो, कारण गिऱ्हाइकाला सागाचा रंग दिसायला हवा असतो. परंतु उन्हातील अतिनील किरण पारदर्शक थरातून आत जातात, खालच्या लाकडाचा पृष्ठभाग कमजोर करतात आणि मग पॉलिश पापुद्र्यांनी सुटते. रंगद्रव्य असलेला बाहेरच्या कामाचा रंग त्या मानाने पुष्कळ अधिक टिकतो. जमीन गडद रंगवावी आणि अक्षर फिके किंवा सोनेरी ठेवावे, असे मी सुचवीन.

हे सर्व माझ्या सांगण्यावर ठेवू नये. पाऊस तोंडावर आला आहे. तिने एकाच फळीचे चार तुकडे घ्यावेत, चारींवर वेगवेगळा पोत कोरावा, प्रत्येकाचा अर्धा भाग पारदर्शक पॉलिशने आणि अर्धा रंगाने पूर्ण करावा, दोन तुकड्यांची टोके बंद करावीत आणि दोघांची मुद्दाम उघडी ठेवावीत, आणि ते सारे घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगून दसऱ्याला उतरवावेत. गिऱ्हाईक उद्या ‘ही पाटी किती वर्षे टिकेल?’ असे विचारील, तेव्हा हे तुकडे त्याच्यापुढे ठेवता येतील.

आता यंत्राविषयी. सीएनसी राउटर हे वाईट साधन आहे असे मी म्हणत नाही. गोल टोकाचे बिट (यंत्राचे कापणारे पाते) थोडे अंतर सोडून फिरवले की मागे समांतर वरंबे राहतात आणि तोच पोत होतो. परदेशात पूर्वी देवदार जातीच्या मऊ लाकडावर वाळूचा मारा करून रेषे उठवलेली जमीन करत असत, तिचीही नक्कल आज यंत्र करते. तिकडे न कुजणारे घट्ट युरेथेन फोमचे तक्तेही पाट्यांसाठी वापरतात. त्यांना रेषे नसतात, म्हणून अनुस्वार उडत नाही, पण ते मऊ असल्याने हात पोहोचेल अशा ठिकाणी त्यांना खड्डे पडतात. मात्र यंत्राला द्यायचे रेखाटन माणसालाच करावे लागते. देवनागरी अक्षरे संगणकावर रेषाकृतीत बदलली, की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर किंचित चढलेली असते. त्या आकृती एकजीव केल्या नाहीत, तर यंत्र प्रत्येक सांध्यावर नको ती खाच पाडते आणि महागडी फळी वाया जाते. हे शिकायला संगणक पुरतो, स्वतःचे यंत्र लागत नाही. काही लाखांचे यंत्र, त्याला लागणारी जागा, वीजजोडणी आणि धूळ ओढण्याची सोय, हे सगळे अंगावर घेण्यापूर्वी तिने ज्यांच्याकडे यंत्र आहे अशा फर्निचर कारखान्यांतून तासाच्या दराने काम करून घ्यावे. हे भाडे दर महिन्याला जाचक वाटू लागेल इतके काम आले, म्हणजे यंत्राचा विचार करायला हरकत नाही.

शिक्षणाबाबत सांगायचे, तर पणजीतील आल्तिनो येथील गोवा कला महाविद्यालय 1972 पासून चालू आहे आणि तेथील उपयोजित कलेचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम तिच्यासाठी सर्वांत जवळचा आहे, कारण अक्षरांकन आणि मांडणी तेथे पद्धतशीर शिकायला मिळते. प्रवेशासाठी चित्रकलेची कसोटी द्यावी लागते, तेव्हा तयारी आताच सुरू करावी. पदवीशिवाय हे काम करता येत नाही असे नाही. परंतु माझा कल पदवीकडे आहे, कारण सुट्टीच्या दिवशी मेस्तांकडे हात चालू ठेवता येतो, अक्षराची शिस्त मात्र मेस्तांकडे मिळेलच असे नाही. प्रवेश न मिळाल्यास जवळच्या आयटीआयमधील लाकूडकामाचा अभ्यासक्रम पाहावा.

कमाईविषयी आकडा सांगणे मी टाळतो. फ्लेक्स, एलईडीची अक्षरे आणि ग्रॅनाईटच्या पाट्या स्वस्त व झटपट मिळतात, आणि घरांच्या नावांसाठी आझुलेजो या पोर्तुगीज पद्धतीच्या रंगीत फरशांची आवड गोव्यात जुनी आहे. त्यांच्याशी भावात झुंजू नये. तिचे गिऱ्हाईक म्हणजे होमस्टे, जुनी घरे दुरुस्त करून राहणारी मंडळी, रेस्टॉरंटे आणि देवस्थाने. हॉटेलांची कामे बहुधा पर्यटनाच्या हंगामापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतात, म्हणून पावसाळा नमुने आणि रेखाटने करण्यात घालवावा. भाव सांगताना लाकडाच्या किमतीबरोबर कोरण्याचे तास, रंगाचे थर आणि पाटी बसवण्याची मजुरी धरावी, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि दर पावसाळ्यानंतर पाटी धुऊन रंगाचा हात देण्याचे वार्षिक काम वेगळे ठरवावे. या शेवटच्या कामातून वर्षानुवर्षे थोडे थोडे पैसे येत राहतात, आणि नवशिके नेमके तेच मागायला विसरतात.

आपण पत्रात पीएम विश्वकर्मा योजनेचा उल्लेख केला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सुतार आणि मूर्तिकार हे दोन्ही व्यवसाय आहेत आणि त्यात अवजारांसाठी 15,000 रुपये व 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, नंतर 2 लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते, हे खरे आहे. परंतु आपले यजमान सरकारी खात्यात नोकरीस आहेत असे आपण लिहिले आहे, आणि सरकारी नोकराच्या अविवाहित अपत्याला या योजनेचा लाभ घेता येत नाही, म्हणून त्या अर्जात वेळ घालवू नये. पुढे यंत्राची वेळ येईल तेव्हा ईडीसी या गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळाकडे मुख्यमंत्री रोजगार योजनेची चौकशी करावी.

मामांना सध्या एवढेच सांगावे, की चांगल्या पोलादाच्या गोल आणि सपाट पटाश्यांचा एक संच, धार लावायचे दगड, दोन-तीन पक्के शिकंजे आणि बारीक धूळ अडवणारा चांगल्या प्रतीचा मास्क घेऊन द्यावा. मास्क विसरू नये. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे, आणि साग कोरताना ती भरपूर उडते.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक