पालखीच्या व्हिडिओला गाणं लावताना

अरे, शिमग्याच्या पालखीचा तुझा व्हिडिओ बघितला, मस्तच झालाय, पण मागे ती कॅसेटमधली नमनाची, म्हणजे शिमग्यातल्या लोकगाण्याची, क्लिप टाकलीयस ना ती काढ आधी. खाली नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही रे. गावचं जुनं नमन कोणा एकाचं नाही, पण त्याचं रेकॉर्डिंग ज्याने केलं त्याचं, १९५७च्या कॉपीराइट कायद्याने प्रकाशनानंतर ६० वर्षं. माझा असाच एक व्हिडिओ म्यूट झालेला, नुसत्या टिपऱ्या हलतायत आणि ढोल गायब! त्यापेक्षा नमनवाल्या मंडळींना विचार आणि मोबाईल घेऊन ढोलाच्या बाजूलाच उभा राहा. फोटो विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या फोटोंच्या साइटवरून घे, पण खालचं लायसन्स वाच, शेअर-अलाइक असेल तर त्यात बदल करून जे बनवशील तेपण त्याच लायसन्सवर सोडावं लागतं.