ऐबक: चंद्र, सरदार आणि जात्याचा खिळा

प्रश्न: आमच्याकडे घोड्याच्या खोडीला ‘ऐब’ म्हणतात. कुतुबुद्दीनचं बोट मोडलेलं होतं, असं वाचलं. त्यावरूनच ‘ऐबक’ पडलं का?

नाही. तेराव्या शतकातला इतिहासकार मिनहाज-ए-सिराज लिहितो की करंगळी मोडल्यामुळे त्याला ‘ऐबक-ए-शल’ म्हणत. पण लुळेपणा आहे तो ‘शल’ या शब्दात. त्याचा दोष ऐबकाच्या माथी उगाच बसला. आपला ‘ऐब’ अरबी, तो ‘ऐन’ या अक्षराने सुरू होतो. ऐबक लिहितात अलिफ, ये, बे, काफ असं, आणि तो शब्द तुर्की: ‘आय’ म्हणजे चंद्र, ‘बेग’ म्हणजे सरदार. अरबी लिपीत ‘ग’ला अक्षर नाही, म्हणून काफ आला आणि बेगचा ‘बक’ झाला. आपल्या ओळखीच्या ‘बेगम’मध्ये हाच बेग आहे.

कुतुबुद्दीन लहानपणी इराणातल्या निशापूरच्या बाजारात गुलाम म्हणून विकला गेला. मुलूख सुटला, माणसं सुटली. नाव मात्र तख्तापर्यंत तुर्कीच राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे १२५० मध्ये इजिप्तच्या गादीवर बसलेला इज्जुद्दीनही ऐबकच होता, आणि तोही मूळचा गुलाम.

प्रश्न: मग ‘कुतुबुद्दीन’ काय?

तो अरबी किताब, म्हणजे पदवी. जात्याच्या खालच्या तळीत मधोमध खिळा असतो ना, ज्याभोवती वरची तळी फिरते, तो ‘कुत्ब’. त्यावरून आस, ध्रुव. ‘दीन’ म्हणजे धर्म. ‘अल्’मधला ल पुढच्या द मध्ये मिसळतो, म्हणून ‘उद्दीन’. धर्माचा आस, असा अर्थ.

प्रश्न: कुतुबमिनाराला नाव ऐबकाचंच ना?

काहीजण तसं मानतात. काहीजण मेहरौलीत दफन झालेले सूफी संत कुतुबुद्दीन बख्तियार काकी (मृत्यू १२३५) यांच्याकडे बोट दाखवतात. किताब दोघांचा एकच, म्हणून नुसत्या नावावरून निवाडा होत नाही.

प्रश्न: आयशा, आयसेल, आयगुल या नावांतही चंद्र आहे का?

आयसेल, आयगुलमध्ये आहे. आयशा अरबी, अर्थ ‘जिवंत, जगणारी’.

प्रश्न: ‘ऐबक’ हे नाव आज कुणी ठेवतं का?

हो. उझबेक लोक ‘ओयबेक’ म्हणतात. लेखक मुसा ताशमुहम्मदोव (१९०५–१९६८) यांनी टोपणनाव म्हणून हेच घेतलं होतं.